भुवईवरची पट्टी

सकाळी दाढी करता करता डॅडनी वस्तरा भुवईवरही फिरवला आणि ती कापली.

“पटकन पट्टी लाव, पोरी. रक्त दिसलं तर रेफ्री बाहेर काढेल.”

रग्बी लीग खेळणं सोडून त्यांना तीस वर्षं झाली होती. पण डोक्यावर मार खाऊन खाऊन ते अजून सामन्यातच अडकले होते.

“लावली. जा, खेळा,” मी रोजच्यासारखं म्हटलं.

“आणि मैदानावरचा डोकं तपासणारा डॉक्टर? तो खेळू देईल?”

“त्याला सांगितलं, ठणठणीत आहेत.”

“थापाडी! अगदी आईवर गेलीस.” ते खूश झाले.

दुसऱ्या दिवशी ते जागे झालेच नाहीत. लहानपणी, आमच्या फेदरस्टोन गावच्या मैदानावर ते कोसळले की सगळ्या गर्दीबरोबर मीही ओरडायचे, “उठा, डॅड, उठा!” आता त्यांचा गार हात धरून मी मोठ्यानं म्हटलं, “नका उठू, डॅड. सामना संपला, मैदानाबाहेर या.”