तिसऱ्या डब्याची चमक

शुक्रवारी संध्याकाळी छोट्या आगगाडीच्या तिसऱ्या डब्यावर वॉर्निशचा पाचवा हात फिरवून जावयानं ब्रश खाली ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. सासरे फिरून यायला वीस मिनिटं होती. तेवढ्यात डबा वाळवून कपाटात ठेवायचा होता.

ही छोटी आगगाडी सासऱ्यांनी पहिल्या पगारातून घेतली होती. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. एक इंजिन, सहा डबे, गडद लाल रंग आणि त्यावर वर्षानुवर्षं मुरलेली मंद चमक. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी जावयानं ती काचेबाहेरूनच पाहिली होती. गेल्या रविवारी मात्र सासऱ्यांनी कपाट उघडून दिलं.

"आता हात थरथरतात. पुसायचं काम तुमचं," एवढंच म्हणाले.

जावयाची छाती फुगली. सोमवारी संध्याकाळी, उत्साहाच्या भरात, त्यानं फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं. तिसऱ्या डब्याची सगळी चमक फडक्यावर आली.

तो धावत जाऊन दोन बाटल्या घेऊन आला. एक चकचकीत वॉर्निश, एक बिनचमकीचं. औषधाच्या ड्रॉपरनं थेंब मोजून दोन्ही मिसळायची आणि शेजारचा चौथा डबा समोर ठेवून जुळवायचं. पहिल्याच दिवशी असं जुळलं की त्यानं स्वतःची पाठ थोपटून घेतली. मंगळवारी ऑफिसातून येऊन पाहतो, तर चौथा डबा जास्त चमकतोय. वाळल्यावर वॉर्निशची चमक उतरली असेल, म्हणून त्यानं चकचकीतचे थेंब वाढवले. बुधवारी पुन्हा चौथाच पुढे. गुरुवारी त्यानं खोलीतला दिवा बदलला. शुक्रवारी दुपारी डोळे तपासून आला. नजर ठणठणीत होती. डॉक्टरांनी झोप घ्यायला सांगितलं.

"अगं, खरं सांग, दोन्ही सारखे दिसतात का?" त्यानं बायकोला विचारलं.

"मला यातलं काही विचारू नका," ती म्हणाली आणि ओठ दाबत स्वयंपाकघरात पळाली.

शनिवारी सकाळी झाकली मूठ झाकलेली राहीना. तिसऱ्या-चौथ्या डब्यात तोंड बघून भांग पाडता आला असता. बाकीचे चार त्यांच्याजवळ अगदीच कळकट दिसत होते. अकरा वर्षांनी मिळालेला विश्वास आपण एका फडक्यात घालवला, याचं जावयाला मनापासून वाईट वाटत होतं. सांगून टाकायचं ठरवून तो सासऱ्यांच्या खोलीत गेला.

"बाबा, मला जरा..."

"थांबा जावईबापू, आधी माझं ऐका." सासऱ्यांनी उठून दार लोटलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "काम तुम्हाला दिलं, तरी मला राहवलं नाही. मंगळवारी तुम्ही ऑफिसला गेल्यावर मी चौथा डबा जरा ओल्या फडक्यानं पुसला. बघतो तर काय, तिसऱ्यापुढे पार निस्तेज!"

"चौथा डबा तुम्ही पुसलात?" जावयानं विचारलं.

"तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार? चोरून वॉर्निश आणलं. तेव्हापासून रोज दुपारी तिसऱ्याशी जुळवून ठेवतोय. पण तो मेला रात्रीतून आणखीच चमकायला लागतो!"