तीन हृदयांचा उंट

“उंटाला तीन हृदयं असतात,” असं मुलीनं भर वर्गात ठणकावून सांगितलं आणि अख्खा वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, “घरी नेटवर नीट बघून येत जा, बाळा.”

घरी नेट नव्हतं. आणि तिचा बाप रोज लोकांच्या घरी नेट बसवून देत होता.

आई त्याला यावरून येता-जाता टोमणे मारायची. “अहो, जगाच्या घरी उजेड पाडता, इथे मात्र दिव्याखाली अंधार.” तो म्हणायचा, “बघू पुढच्या महिन्यात.” कंपनीनं कामगारांना सवलतीत दिलेली नेटची पेटी कपाटावर धूळ खात पडली होती. वायरचं भेंडोळं पलंगाखाली होतं. मामानं दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर मुलगी नुसती चित्रं रंगवत बसायची.

घरात त्याऐवजी एक वेगळीच सोय होती. सकाळी बाप बूट घालायला बसला की मुलगी त्याला एक प्रश्न द्यायची. नवी जोडणी चालते का, हे बघायला त्याला काहीतरी शोधावंच लागे. बाकीचे कामगार हवामान बघत. हा गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर लेकीचा प्रश्न टाकायचा. स्वतःचा फोन बटणांचा, त्यामुळे उत्तर डोक्यातच ठेवून आणावं लागे. संध्याकाळी जेवताना ते बाहेर निघायचं, आणि ज्या घरात मिळालं ते घरही सोबत यायचं. वटवाघूळ उलटं का लटकतं, हे दोन भांडखोर जावांच्या घरी कळलं होतं. दोघींनी तेवढ्यापुरतं भांडण थांबवून ते मन लावून ऐकलं होतं म्हणे. सगळ्यात जास्त मजा दातांच्या डॉक्टरांकडे यायची. त्यांचा पोपट वायर कुरतडायचा, म्हणून बाप तिथे वारंवार जायचा, आणि पोपट दर वेळी त्याला काहीतरी सुनवायचा. एकदा तो शिडीवर असताना पोपट डॉक्टरांच्या आवाजात ओरडला होता, “आ करा!” आणि यानं खरंच केला होता. ही गोष्ट मुलीनं इतक्या वेळा सांगायला लावली होती की आईलाही ती पाठ झाली होती.

परवा मुलीनं एकाऐवजी दोन प्रश्न दिले. उंटाच्या पापण्या किती आणि ऑक्टोपसची हृदयं किती. एक एका घरात बघितला, दुसरा दुसऱ्या घरात. मधे खांद्यावर शिडी घेऊन बरेच जिने झाले. दोन्हीचं उत्तर तीनच होतं. वाटेत कुठेतरी हृदयं उंटाला गेली आणि पापण्या ऑक्टोपसला.

वर्गात काय झालं ते मुलीनं आज तो दारात येताच सांगून टाकलं. रडली नाही. वर त्याचीच समजूत घालत म्हणाली, “चूक तुझी नाही, बाबा. दोन प्रश्न एकदम द्यायला नको होते मी.”

बापानं नुकताच हातात आलेला चहाचा कप तसाच ठेवला, स्टूल ओढलं आणि कपाटावरची पेटी खाली काढली. आई बघतच राहिली.

पुढचा महिना का उगवत नव्हता, हे त्यानं तिलाही कधी सांगितलं नव्हतं. जोडणी करताना सगळं घर त्याच्याभोवती गोळा व्हायचं. त्याच घरी महिन्याभरानं तक्रारीसाठी गेलं की दार उघडायलाही कोणी जागचं हलत नसे. जो तो आपापल्या कोपऱ्यात. आपल्या लेकीचे प्रश्न थेट या पेटीत जायला लागले, तर आपल्याला कोण विचारणार, ही त्याची धास्ती होती. पण आपण वीतभर डबीला घाबरतो, असं एवढ्या मोठ्या माणसानं सांगायचं तरी कसं?

वायर खिडकीतून आत आली. भिंतीच्या कडेनं त्यानं ती इतकी सरळ नेली, की कुठल्या गिऱ्हाइकाकडे नेली नसेल. पेटीवर हिरवा दिवा लागला.

“टाक तुझा प्रश्न,” तो म्हणाला.

मुलीनं आधी उंटाच्या पापण्या विचारल्या. उत्तर चुटकीसरशी आलं.

“बरोबर सांगतंय?”

“हो. फोटोपण आहेत, बाबा!”

“वा,” तो म्हणाला आणि खाली बसून हत्यारं पिशवीत भरू लागला. पक्कड आत गेली. टेपची गुंडाळी आत गेली. मग भरायला काही उरलं नाही, तरी तो पिशवीतच बघत राहिला. आईनं ते पाहिलं. कधी नव्हे ते टोमणा न मारता तिनं त्याचा गार झालेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

मुलगी पुन्हा टाइप करत होती, एकेक अक्षर शोधत, मोठ्यानं उच्चारत. “दातांच्या… डॉक्टरांचा… पोपट… आज… माझ्या बाबाला… काय म्हणाला?”

पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मग पोपटांचे फोटो आले, पिंजऱ्यांच्या जाहिराती आल्या, दात कसे घासावेत तेही आलं. तिनं वरपासून खालपर्यंत सगळं नीट बघितलं. मग खुर्ची वळवली आणि जेवताना बसायची तशी हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बसली.

“बाबा, याला नाही येत. तू सांग.”