करंगळीखालचं बटण

सायंकाळी सहाच्या सुमारास क्रेनचालकाने कीबोर्ड दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि तो बिघडल्याचं सांगितलं. सोबत त्याची मुलगी होती. ती कॉलेजातून थेट आली होती आणि आल्यापासून दुकानदाराच्या हातांवर नजर ठेवून होती.

“काय होतंय याला?” दुकानदाराने विचारलं.

“शिफ्ट लागत नाही. डावीकडचं. धावायचं बटण आहे ते. दाबून धरलं तरी माणूस आपला चालतोच आहे, चालतोच आहे.”

“गेममधला माणूस,” मुलीने खुलासा केला. “आम्ही दोघं एका टीममध्ये खेळतो. महिनाभर याच्यामुळे मरतोय.”

“याच्यामुळे म्हणजे कीबोर्डमुळे,” चालक म्हणाला.

दुकानदाराने कीबोर्ड उलटा करून झटकला, वायर संगणकाला जोडली. पडद्यावर कीबोर्डचं चित्र आलं. जे बटण दाबावं त्याचा चौकोन तेवढ्यापुरता हिरवा होत होता. त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटं फिरवली. एकेक करून सगळे चौकोन हिरवे होऊन गेले, डाव्या शिफ्टसकट.

“चांगला आहे की. वॉरंटीत बदलून मिळायचा नाही.”

“दुकानात सगळंच चांगलं चालतं,” मुलगी म्हणाली. तिने स्वतः शिफ्ट दाबून पाहिलं. हळू, जोरात, मधोमध, कडेला. चौकोन दर वेळी हिरवा झाला. तिने वाकून वायर कुठे लावली आहे तेही पाहिलं.

“ताई, मी कीबोर्ड विकतो. जादूचे प्रयोग करत नाही.”

“घरी लागत नव्हतं,” चालक म्हणाला. मग घाईने म्हणाला, “जाऊ दे ना. नवाच बघू. स्वस्तातला दाखवा. पण हलक्या बटणांचा.”

दुकानदाराने तीन खोके काढले. पहिल्याची बटणं रबरावर बसवलेली होती. मुलीने तीन बटणं एकदम दाबली. पडद्यावर दोनच चौकोन उजळले. “पळता पळता वळून उडी मारली की मेलोच. नको.” दुसऱ्याचा टकटकाट एवढा होता की तिने खोका सरळ मागे ढकलला. तिसरा थोडा महाग होता. त्याची बटणं नुसत्या स्पर्शाने खाली जात होती.

“याच्याहून हलका?” चालकाने विचारलं.

“याच्याहून हलका म्हणजे फुंकर मारावी लागेल, काका.”

चालक हसला नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. फोन पँटच्या डाव्या खिशात होता. उजव्या हातात खोका होता. त्याने खोका खाली ठेवला, उजवा हात पोटावरून वळवून डाव्या खिशात घातला आणि फोन काढला. पलीकडचा सुपरवायझर ओरडूनच बोलत होता. ते तिघांनाही ऐकू गेलं.

“उद्या सातला काचा चढवायच्यात. वारा आहे. तुझ्याशिवाय कुणाला बसवत नाही मी.”

“आलोच समजा,” चालक म्हणाला.

डाव्या लिव्हरने क्रेनची भुजा फिरते, उजव्याने हूक वरखाली होतो. मुलीला हे लहानपणापासून पाठ होतं. गेममध्येही डावा हात चालवतो, उजवा नेम धरतो, असं समजावून बापानेच तिला खेळायला शिकवलं होतं.

“बाबा, डाव्या हाताला काय झालंय?”

“कुठे काय? अवघडलाय. तुझी उलटतपासणी घरी कर.”

“मी सहज विचारलं.”

“मग सहज सोड.”

तिने जुना कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि डाव्या शिफ्टवर पुन्हा एकदा बोट ठेवलं. बटण खाली गेलं, वर आलं.

दुकानदार आता दोघांकडेही आळीपाळीने पाहत होता. त्याने तिसरा कीबोर्ड जोडला आणि पडदा काउंटरच्या कडेला उभ्या असलेल्या मुलीच्या बाजूला वळवला. “पैसे देण्याआधी सगळी बटणं इथेच बघून घ्या. उद्या हाही लागत नाही म्हणून परत याल.”

“द्या, मी बघते,” मुलगी म्हणाली. मग तिने हात मागे घेतला. “नको. बाबा, तूच बघ. खेळताना ठेवतोस तसा हात ठेव.”

चालकाने डावा हात काउंटरवर घेतला. मधली तीन बोटं आपापल्या जागी बसली. पुढे, डावीकडे, उजवीकडे. पडद्यावर तीन चौकोन एकामागोमाग हिरवे झाले.

“आता शिफ्ट.”

करंगळी बटणावर गेली. चौकोन पांढराच राहिला. दुकानदार पुढे झुकला. पडद्याकडे पाहून त्याने तोंड उघडलं. मुलीचा चेहरा दिसताच मिटलं. मग हात लांब करून, चालकाच्या करंगळीशेजारी, त्याच बटणाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर त्याने आपलं बोट टेकवलं. चौकोन हिरवा झाला. बोट उचललं. चौकोन पुन्हा पांढरा.

चालकाला पडद्याची फक्त पाठ दिसत होती.

“लागलं ना?” त्याने मुलीला विचारलं. “मी दाबूनच धरलंय.”