तिन्ही दलं

दोन वर्षांपूर्वी लग्न झालेले बजरंग आणि स्वप्नाली सहा महिने रोज सकाळी चौसाळ्याच्या रस्त्याला पळत होते. आज दोघं अग्निवीर भरतीचा फॉर्म भरायला नेट कॅफेत आले. बजरंगला भूदलात जायचं होतं, स्वप्नाली नौदलावर अडून बसली होती.

"जल्मभर टँकरच बघितला. एकदा तरी पाणीच पाणी बघू द्या की."

विशीतला बजरंग हसला. "बरं, नौदल तर नौदल. पण दोघं बी संगंच जाऊ."

कॅफेवाल्यानं तिच्या गळ्यातले काळे मणी पाहिले आणि कीबोर्डवरचा हात काढून घेतला. "लगीन झालंय व्हय? मग तिन्ही दलांत जमत न्हाई. अविवाहितच लागतात."

परतताना फाट्यावर ऊसतोडीचा मुकादम भेटला. सगळं ऐकून त्यानं बजरंगच्या पाठीवर थाप मारली.


"आपल्याकडं उलटं हाय बे. एकटा माणूस मी टोळीत घेतच न्हाई. म्हणून तर तुमच्या लग्नाची घाई मीच लावलती."