कोपरा जाड कर

रेवतीने स्वतः डिझाइन केलेलं प्लास्टिकचं पॅलेट वडिलांच्या भोसरीतल्या शेडमध्ये आणून ठेवलं. माल रचायची लाकडी पॅलेटं ठोकण्यात अण्णांची तीस वर्षं गेली होती. गोदामांनी प्लास्टिक घेतलं की हे काम बंद पडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी पारख त्यांनीच करावी, असं तिला वाटलं.

अण्णांनी ते उलटंपालटं केलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि कानावरची पेन्सिल काढून एका कोपऱ्यावर खूण केली. "फोर्कलिफ्ट इथेच आपटते. हा जाड कर."

"अण्णा, हे कमजोर राहिलं तर तुमचं काम टिकेल," ती कशीबशी म्हणाली.

"वरचा माल कोसळला तर खाली माणूस असतो गं," म्हणत त्यांनी पॅलेट फिरवून पुढचा कोपरा दाबला.