स्टुलावरच्या दुपारी

फिजिओथेरपिस्ट बाईंनी निवृत्त पोस्टमनला उताणं झोपवून एक गुडघा छातीशी धरायला लावला, तर दुसरी मांडी टेबलाला टेकेचना. “काका, पाय उचलणारा जांघेतला स्नायू आखडलाय. बसून बसून होतं असं. पण तुम्ही तर जन्मभर चाललात!” काकांनी चाकांच्या खुर्चीतल्या बायकोकडे पाहून आवाज हळू केला. “ही आजारी पडल्यापासून स्टुलावरच असतो. दुपारी माझा हात धरून झोपते. सोडवला तर जागी होईल, म्हणून तीन तीन तास हलत नाही.” बायकोला ऐकू गेलंच. “अहो, झोपतंय कोण? तुम्ही उठून जरा पाय मोकळे करावेत, म्हणून डोळे मिटून पडते मी!” बाईंनी हसू दाबत कागदावर लिहिलं: रोज दुपारी अर्धा तास पालथे झोपणे. “माझ्याच शेजारी झोपा, स्टूल माळ्यावर टाका,” बायको म्हणाली. “आणि हात?” “तो असू दे.”