कोणत्या सालचे?

दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या एका कापड कारखान्याने मला बोलावलं, ते ‘जमलं तर ठेवू’ या बोलीवर. नव्या संगणकांवर मागांचा जुना प्रोग्राम काही केल्या चालेना. सुरू होण्याआधी तो संगणकाला त्याची आवृत्ती विचारायचा आणि आकडा आपल्या माहितीपेक्षा वरचा निघाला की अडून बसायचा.

मी संगणकाला जुनाच आकडा सांगायला लावलं. माग धडधडू लागले.

“म्हणजे सगळं काम जमत होतं की त्या संगणकाला! मग आकडा विचारून अडायचं कशाला?” विभागप्रमुख प्यो हसले.

“काहींना आधी आकडा लागतो, साहेब.”

त्यांनी यंत्रातून माझ्यासाठी कॉफी काढली. “बरं, तुम्ही कोणत्या सालचे? मी ब्याऐंशीचा.”

“चौऱ्याऐंशीचा.”

“मग धाकटाच की रे तू! सुटलो बाबा. मोठ्या माणसाला काम सांगायला जीभच रेटत नाही माझी. उद्यापासून ये.”

मी मान लववून दोन्ही हातांनी कॉफी घेतली.



चौऱ्याहत्तर हा खरा आकडा सांगून याआधी मी चार दारांवरून परत आलो होतो.